गोणपाटासकट वजन: एनडीपीएस कायदा आणि आपली कोर्टं

कोर्टाची_पायरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

अठरा वर्षं झाली, मी एका जिल्हा न्यायालयात वकिली करतो. त्यातली अकरा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर. ज्याला वकील करायची ऐपत नाही, त्याची फाइल माझ्या टेबलावर येते. मागच्या महिन्यात अशाच एका फाइलीचा निकाल लागला आणि तेव्हापासून नीट झोप नाही. म्हणून लिहायला बसलो.

पोरगा तेवीस वर्षांचा, टेम्पोवर क्लीनर. गुंटूरहून मिरचीची पोती घेऊन येत होते. नाकाबंदीत गाडी अडवली, ड्रायव्हर अंधारात शेतातून पळाला, हा सापडला. मिरचीखाली दोन गोण्या गांजा. पंचनाम्यात वजन २० किलो ८०० ग्रॅम.

आता हा आकडा नीट बघा. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा. २००१ च्या दुरुस्तीने त्यात मालाच्या वजनाप्रमाणे शिक्षेच्या पायऱ्या आल्या. गांजा एक किलोपर्यंत असेल तर ‘स्मॉल’, शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. वीस किलोच्या वर गेला की ‘कमर्शिअल’, शिक्षा कमीत कमी दहा वर्षं, वीसपर्यंत, वर किमान एक लाख दंड. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत, पण तिथे किमान शिक्षेची सक्ती नाही. न्यायाधीश माणूस बघून ठरवू शकतात. म्हणजे वीस किलोची रेघ ओलांडली की न्यायाधीशांच्या हातातलं बरंच काही कायदा काढून घेतो.

आणि सगळ्यात आधी काढून घेतो तो जामीन. कलम ३७. त्यातली जामिनाची अट मूळ कायद्यात नव्हती, १९८९ मध्ये आली. कमर्शिअल माल असेल तर जामीन देण्याआधी न्यायाधीशांची दोन गोष्टींबद्दल खात्री पटली पाहिजे. एक, आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारणं आहेत. दोन, बाहेर आल्यावर तो गुन्हा करणार नाही. खटला सुरू व्हायच्या आधी, एकही साक्षीदार तपासला नसताना, ही खात्री कशी पटायची? आमच्या बाररूममध्ये एकाच वाक्यात विचारतात, “३७ लागलंय का?” लागलं असेल तर पुढचं कुणी विचारत नाही.

या पोराला ३७ लागलं होतं. सेशन कोर्टात जामीन अर्ज केला, तेव्हा मी म्हटलं, साहेब, पंचनाम्यात गोण्या रिकाम्या करून माल तोलल्याचा उल्लेख नाही. पन्नास किलोची तागाची गोणी रिकामी तोलली तरी अर्धा किलोच्या वर भरते. दोन गोण्या म्हणजे किलो-सव्वा किलो. ते वजा करा, माल वीसच्या आत येतो. उत्तर मिळालं, हा पुराव्याचा भाग आहे, खटल्यात बघू. न्यायाधीशांना मी दोष देत नाही. कायद्याने त्यांना तसंच बांधून ठेवलंय.

खटल्यात बघितलं. अटकेनंतर तीन वर्षं सात महिन्यांनी तपासी अंमलदार पिंजऱ्यात आले. मी विचारलं, वजन गोणीसकट केलं की माल काढून? ते खरं बोलले. रेकॉर्डवर वाक्य आलं, “हे म्हणणे खरे आहे की, वजन गोणपाटासह करण्यात आले.” टायपिस्टच्या बोटांचा आवाज थांबला आणि मी मागे वळून पाहिलं. पोरगा पोलिसाच्या शेजारी बाकड्यावर बसला होता. काय झालं ते त्याला कळलंसुद्धा नव्हतं.

मुद्देमाल कोर्टात मागवला, गोण्या बाजूला ठेवून तोलला. सरकारी वकील म्हणाले, माल वाळून घटला असेल. तेही खोटं नाही. पण शंकेचा फायदा आरोपीला, म्हणून वजन वीसच्या आत धरलं गेलं. शिक्षा झाली ‘भोगली तेवढी’. दंड त्याच्या मामाने भरला. संध्याकाळी पोरगा सुटला.

मी ही केस जिंकलो की हरलो, तुम्हीच सांगा. जे चौथ्या वर्षी एका प्रश्नात निघालं ते तिसऱ्या आठवड्यात निघालं असतं, तर त्याचा बाप जिवंत असताना तो घरी आला असता. माझं एवढंच म्हणणं आहे की या कायद्याने आपल्या कोर्टांचा क्रमच उलटा केलाय. जे आधी तपासायचं ते शेवटी तपासलं जातं आणि जी शिक्षा शेवटी द्यायची ती आधी भोगून होते.

नशा वाईट नाही असं मी म्हणत नाहीये. माझ्या सख्ख्या चुलतभावाचं घर गर्दने उद्ध्वस्त झालेलं मी पाहिलंय. बोलायचंय ते कोर्टाबद्दल. ज्यांचा संबंध आलाय त्यांनी लिहावं.

---

खाकी_आजोबा

वकीलसाहेब, तीस वर्षं पोलिसांत काढली, शेवटची सहा अमली पदार्थ विरोधी पथकात. तुमची तळमळ खरी आहे. आता आमची बाजू ऐका.

रात्री दोन वाजता हायवेवर पंच कुठून आणायचे? ढाब्यावरच्या वेटरला उठवला की तो हात जोडतो. सरकारी नोकर पंच घेतला तर तुम्हीच कोर्टात म्हणता, हा तर त्यांचाच माणूस. पंच मिळाला तरी चार वर्षांनी समन्स जाईपर्यंत पत्ता बदललेला असतो, नाहीतर तो फितूर होतो. वजनकाटा शेजारच्या किराणा दुकानातून आणायचा, दुकानदाराला साक्षीला बोलवलं की पुढच्या वेळी शटर उघडत नाही.

त्यात कलम ४२. मिळालेली खबर आधी लेखी करायची, वरिष्ठांना ७२ तासांच्या आत पाठवायची. मग कलम ५०. अंगझडतीच्या आधी त्याला सांगायचं की बाबा रे, तुला राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती द्यायचा हक्क आहे. एक ओळ चुकली की सगळी मेहनत पाण्यात. पाठलाग करून, अंगावर ब्लेड झेलून पकडलेला माणूस त्या एका ओळीवर निर्दोष सुटताना मी कोर्टाच्या दारात उभा राहून पाहिलाय. पेढे वाटत होते.

एमडी, म्हणजे मेफेड्रोनबद्दल तर बोलूच नका. २०१५ पर्यंत ते या कायद्याच्या यादीतच नव्हतं. माल हातात, पोरं डोळ्यांसमोर मरतायत आणि आम्हाला कलम लावता येत नाही, असे दिवस मी काढलेत. आता कुरकुंभला, नाशिकजवळ शिंदे गावात कारखाने सापडतात. हा काही क्लीनर पोरांचा धंदा नाही. ३७ काढलंत तर असल्या लोकांना तारखेला कोण हजर करणार?

---

कोर्टाची_पायरी

आजोबा, सविस्तर लिहिलंत, आभार.

कलम ५० बद्दल तुमचा राग समजतो. पण हे नियम वकिलांनी घुसवलेले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९९ मध्ये बलदेव सिंगच्या खटल्यात आणि पुन्हा २०१० मध्ये विजयसिंह जडेजाच्या खटल्यात सांगितलं की ही तरतूद काटेकोर पाळलीच पाहिजे. कारण साधं आहे. नेहमीच्या फौजदारी खटल्यात गुन्हा सिद्ध करायचा भार सरकारवर असतो. इथे कलम ३५ आणि ५४ मुळे माल जवळ सापडला की गुन्हा गृहीत धरायची सोय आहे, पुढे आरोपीने स्वतःला निर्दोष ठरवायचं. एवढं मोठं हत्यार पोलिसांच्या हातात दिल्यावर माल खरंच त्याच्याकडेच सापडला एवढी तरी खात्री कोर्टाने मागायची नाही का?

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते तुम्हालाही माहीत आहे. कारखानेवाल्याकडे पहिल्या दिवसापासून वकिलांची फौज असते. कलम ४२ ची ती चुकलेली ओळ तेच शोधतात. माझ्याकडे एका वेळी साठ-सत्तर फायली असतात. प्रक्रियेतल्या चुकीचा फायदा ज्याच्याकडे ती चूक वाचायला माणूस आहे त्यालाच मिळतो.

---

माजघर

मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय.

माझा धाकटा भाऊ सव्वा वर्षापासून आत आहे. एमडी. तो घेत होता हे आम्हाला माहीत होतं, विकत नव्हता असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. बहीण म्हणून सांगावंसं वाटतं, पण खरं तेच लिहिते. त्याच्याकडे ५१ ग्रॅम सापडलं असं पोलीस म्हणतात.

मुलाखतीला जाते. काचेच्या पलीकडे तो, मधे फोन. पहिले दोन महिने रडायचा, आता रडत नाही. तेच जास्त लागतं. परवा म्हणाला, “ताई, इथे बाहेरच्यापेक्षा जास्त ओळखी झाल्या.” कसल्या ओळखी ते मी विचारलं नाही. बराक किती माणसांसाठी आहे आणि आत किती झोपतात ते त्याने सांगितलं. कुशीवर वळायचं तर सगळ्या रांगेने वळायचं.

आईने बांगड्या मोडल्या, पहिल्या वकिलाला दिल्या. त्यांनी चार तारखांनंतर फोन उचलणं बंद केलं. आताचे वकील चांगले आहेत, पण सारखं म्हणतात की ३७ आहे. माझा प्रश्न एवढाच की दोषारोपपत्र दाखल झालं तेव्हा त्यात सी. ए. रिपोर्ट, म्हणजे प्रयोगशाळेचा रासायनिक तपासणीचा अहवाल नव्हताच. म्हणजे ती पावडर एमडी आहे की नाही हेच कुणाला माहीत नसताना केस तयार कशी झाली?

---

कोर्टाची_पायरी

माजघरताई, हा प्रश्न भल्याभल्यांनी विचारलाय.

नेहमीच्या गंभीर गुन्ह्यात नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपीला आपोआप जामिनाचा हक्क मिळतो. एनडीपीएसमध्ये कमर्शिअल माल असेल तर ही मुदत १८० दिवस आहे, सरकारी वकिलाने कारण दिलं तर वर्षापर्यंत वाढते. आता त्या मुदतीत रिपोर्ट नसलेलं दोषारोपपत्र आलं तर ते पूर्ण धरायचं की अपूर्ण? उच्च न्यायालयांची मतं यावर एकसारखी नाहीत. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं की रिपोर्ट नसला तरी दोषारोपपत्र अपूर्ण ठरत नाही. त्यामुळे त्या वाटेने तुमच्या भावाला सध्या फारसं काही मिळणार नाही. खोटी आशा लावत नाही.

दुसरी वाट आहे. १९९४ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने एनडीपीएसच्या कच्च्या कैद्यांबद्दल सांगून ठेवलंय की दहा वर्षं किमान शिक्षेच्या गुन्ह्यात पाच वर्षं आत काढली असतील तर जामीन द्यावा. एक लाखाचा, दोन जामीनदारांसह. आमचे कितीतरी पक्षकार त्या लाखापाशीच अडकतात. आणि मार्च २०२३ मध्ये मोहम्मद मुस्लिमच्या खटल्यात सात वर्षांहून जास्त आत असलेल्या माणसाला जामीन देताना न्यायालय म्हणालं की ३७ चा शब्दशः अर्थ लावला तर कुणालाच जामीन मिळणार नाही. खटला रखडला असेल तर तेही तोलायला हवं. तुमच्या वकिलांना हा निकाल माहीत असेलच.

पण त्याआधी एक करा. पंचनाम्याची प्रत काढा आणि वजनाचा परिच्छेद शब्द न् शब्द वाचा. एमडीची कमर्शिअल रेघ ५० ग्रॅमवर आहे.

---

रसायन_१

एका सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेत काम करतो, कुठे ते लिहीत नाही.

रिपोर्ट उशिरा का येतो ते आतून सांगतो. आमच्याकडे फक्त अमली पदार्थ येत नाहीत. व्हिसेरा, रक्ताचे कपडे, दारूचे नमुने, सगळं एकाच दारातून आत येतं. जागेवर किटमध्ये रंग बदलला म्हणून पोलीस प्राथमिक नोंद करतात, पण खात्रीची चाचणी आमच्याकडेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ठाणा सिंग निकालात प्रयोगशाळांबद्दल खूप काही सांगितलंय. माणसं मात्र तेवढी भरली गेली नाहीत.

नमुन्याचंही सांगतो. गांजा, चरस, अफू असेल तर २४ ग्रॅम, बाकी पदार्थ असेल तर ५ ग्रॅम, दोन-दोन नमुने. पूर्वी हे जागेवरच काढायचे. २०१६ मध्ये मोहनलाल निकालात न्यायालयाने बजावलं की कलम ५२-अ प्रमाणे नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढा. तेव्हापासून लाखेचं सील, सह्या, फोटो यांना अर्थ आला. मुद्देमालाच्या कोठारांची अवस्थाही त्याच निकालात आलीये. मथुरेत २०२२ मध्ये पोलिसांनी कोर्टाला ५८१ किलो गांजा उंदरांनी खाल्ल्याचं सांगितलं होतं, ते आठवत असेल. असं झालं की खरा गुन्हेगारही सुटतो आणि खोट्यात अडकलेल्याला आपली बाजू दाखवायला माल उरत नाही.

आता वजन. गांजाची कायद्यातली व्याख्या म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. सोबत शेंडे नसतील तर बी आणि पानं त्यात येत नाहीत. म्हणूनच भांग या कायद्याच्या बाहेर आहे. माझ्यासमोर येतात २४ ग्रॅम. त्यात शेंडे आहेत का, ते मी भिंगाखाली पाहून सांगतो. पण मूळ वीस किलोच्या ढिगात देठ किती होते, नुसती पानं किती होती, हे कुठल्याही रिपोर्टमधून कळणार नाही. ते जागेवर वेगळं केलं तरच. आणि ते कुणी करत नाही.

पावडरीचं आणखी वेगळं. २००८ च्या निकालाप्रमाणे शुद्ध अमली पदार्थाचंच वजन धरायचे. एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग निकालाने ते उलटवलं, आता भेसळीसकट सगळं वजन धरतात. म्हणजे ३०० ग्रॅम ग्लुकोजच्या पुडीत दहा ग्रॅम हेरॉइन असलं तरी कमर्शिअल. त्यामागचा विचारही समजून घ्या. बाजारात विकलं जातं ते भेसळीचंच, शुद्ध कुणी विकत नाही. पण याचा परिणाम असा की शेवटच्या टोकाला चार पुड्या विकणारा नशेबाज, ज्याच्या मालात भेसळ सगळ्यात जास्त, तोच वजनात वर जातो.

---

ओंजळ

व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. वरची चर्चा मोठ्या केसेसची चाललीये, मला लहान केसेसबद्दल लिहायचंय. कोर्टं भरतात ती त्यांनी.

‘विधी’ या संस्थेने २०१७ आणि २०१८ मधले मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांतले दहा हजारांवर एनडीपीएस खटले तपासले होते. जवळजवळ सगळे सेवनाचे निघाले. त्यातही दहातले आठ-नऊ गांजाचे. पकडले कोण गेले? फुटपाथवर झोपणारे, रोजंदारीवाले, नाल्याकाठच्या वस्तीतली पोरं. बंद फ्लॅटमध्ये ओढणाऱ्याच्या दारावर पोलीस जात नाहीत.

यांचे खटले चालतच नाहीत. पोरगा सकाळी उभा राहतो, “गुन्हा कबूल आहे का?”, “आहे साहेब”, दंड, बाहेर. तो कबूल करतो कारण नाही म्हटलं तर तारखा पडणार, प्रत्येक तारखेला हजेरी बुडणार. २०२० मध्ये उच्च न्यायालयाने तर स्पष्टच केलं की या कायद्यातला कुठलाही गुन्हा, माल कितीही कमी असो, अजामीनपात्रच आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने अशा तीन कबुल्या दिल्या होत्या. सिक्युरिटीची नोकरी लागली, पोलीस पडताळणीत त्या तिन्ही निघाल्या, नोकरी गेली. त्या रात्री त्याने पुन्हा घेतलं. मला दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या आईचा फोन आला.

सगळ्यात वाईट वाटतं ते हे की कायद्यात दुसरा रस्ता लिहिलेला आहे. कलम ६४-अ: कमी माल सापडलेला किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला आणि त्याने ते पूर्ण केले तर त्याच्यावर खटला चालत नाही. कलम ३९: शिक्षा झाल्यावरसुद्धा कोर्ट त्याला तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवू शकतं. बारा वर्षांत कोर्टाकडून ६४-अ खाली माझ्याकडे किती मुलं आली? दोन. दोघांनाही त्यांच्या घरच्यांनी वकील लावला होता.

खाकी आजोबांना एक विचारते. महिनाअखेरीला ‘विशेष मोहीम’ निघते आणि आमच्या केंद्राच्या बाहेर, उपचाराला येणारी मुलंच उचलली जातात. हे का होतं?

---

खाकी_आजोबा

ओंजळताई, विचारलंत म्हणून सांगतो. आकडे द्यावे लागतात. मासिक गुन्हे बैठकीत विचारतात, एनडीपीएसच्या केसेस किती? बाराशे किलोची एक आणि चिलमीची एक, तक्त्यात दोन्ही एकच. मोठी केस करायला दोन महिने खबऱ्या सांभाळावा लागतो. चिलीम ओढणारा दहा मिनिटांत सापडतो. तुमच्या केंद्राबाहेर सापडतील हे आम्हाला माहीत असतं.

मी हे केलंय. नोकरीत असताना यावर फार विचार केला नव्हता. निवृत्तीनंतर सोसायटीतल्याच एका मुलाला केंद्रात दाखल करायला गेलो, तेव्हा तिथे एक जण मला ओळखून उभा राहिला. मी त्याला दोनदा आत टाकलं होतं. तो काही बोलला नाही, खुर्ची दिली.

पण ३७ बद्दल माझं मत तेच आहे. कारखानदाराला जामीन नको.

---

सातपुडा

शिरपूर तालुक्यातला आहे. आमच्याकडे दर हिवाळ्यात बातमी ठरलेली, वनजमिनीवरची गांजाची शेती उद्ध्वस्त, एवढ्या लाखांचा माल. फोटोत उपटलेली झाडं आणि मागे पोलीस.

जमीन बहुतेक वेळा वनखात्याच्या नावावर, कसणारा पावरा आदिवासी, पैसा लावणारा भलताच. बी तो देतो, माल तो उचलतो. तुरीच्या ओळींमध्ये पीक लावतात. छापा पडतो तेव्हा शेतात असेल तो आत. रसायनभाऊंनी लिहिलं ते इथे येऊन पाहा. झाडं मुळासकट उपटतात, ओली, मातीसकट, आणि तशीच काट्यावर चढवतात. ओल्या झाडात पाणीच किती असतं! उच्च न्यायालयाने काही जामिनांच्या आदेशांत शेंडे वेगळे करून तोलले का, असं विचारलेलं आहे. पण हायकोर्टापर्यंत जायला गावातल्या माणसाला आधी धुळ्याची एसटी धरता आली पाहिजे. आमच्या पाड्यावरच्या एका बाईचा नवरा आत आहे, तिला कोर्टातली मराठीही कळत नाही, पावरी बोलते. तारखेला जाते, दाराबाहेर बसते, संध्याकाळी परत येते.

---

अटलांटिक_काठ

न्यू जर्सीत राहतो. अमेरिका या वाटेवर आपल्या पुढे गेली आणि ठेचकाळली, म्हणून दोन गोष्टी नोंदवतो. १९८६ च्या कायद्यात ५ ग्रॅम क्रॅकला जी किमान पाच वर्षं होती, ती पावडर कोकेनला ५०० ग्रॅमवर होती. पदार्थ मुळात एकच, पण क्रॅक गरीब काळ्या वस्त्यांत विकलं जायचं. ते प्रमाण २०१० मध्ये कमी केलं, तरी १८ ला १ राहिलंच. वजनाच्या रेघेने न्यायाधीशाचे हात बांधले की काय होतं ते इथल्या तुरुंगांत दिसतं.

दुसरी बाजूही आहे. ओरेगनने २०२० मध्ये जनमताने स्वतःपुरता माल बाळगणं गुन्ह्यातून काढलं आणि २०२४ मध्ये पुन्हा गुन्हा केलं, कारण उपचाराची केंद्रं वेळेत उभी राहिली नाहीत. नुसतं कलम काढून भागत नाही, हे ओंजळताई जास्त नीट सांगू शकतील.

---

कोर्टाची_पायरी

सगळ्यांचे आभार. आजोबा, तुमचा शेवटचा प्रतिसाद मी दोनदा वाचला.

३७ पूर्ण काढा असं माझंही म्हणणं नाही. पण जामिनाच्या वेळी निदान तीन गोष्टी कोर्टाने उघडून पाहिल्याच पाहिजेत असं मला वाटतं: वजन कसं केलं, नमुने कुणासमोर काढले, आणि माल याच्या ताब्यात होता की हा फक्त तिथे होता. यासाठी साक्षीदार लागत नाहीत, पंचनामा पुरतो. २०२१ चं क्रूझ प्रकरण आठवा. ज्याच्याकडे काहीही सापडलं नव्हतं असा तरुण जवळजवळ चार आठवडे कोठडीत होता आणि पुढच्या मे महिन्यात तपास यंत्रणेनेच पुरावा नाही म्हणून दोषारोपपत्रातून त्याचं नाव वगळलं. देशातले नामवंत वकील उभे असताना चार आठवडे. मग माझ्या क्लीनरला साडेतीन वर्षं लागली यात नवल ते काय.

आणि कायदा लिहिणाऱ्यांनाही सवलत मिळते हो. २०१४ ची दुरुस्ती करताना व्याख्यांचे क्रमांक सरकले, पण कलम २७-अ मध्ये जुना क्रमांक तसाच राहिला. अवैध व्यापाराला पैसा पुरवणाऱ्याला दहा ते वीस वर्षं देणारं कलम सात वर्षं भलत्याच व्याख्येकडे बोट दाखवत होतं. त्रिपुरा उच्च न्यायालयाने ते दाखवून दिलं तेव्हा २०२१ मध्ये चूक सुधारली, तीही मे २०१४ पासून मागे लागू करून. संसदेची चूक मागच्या तारखेने दुरुस्त होते. पंचनाम्यातलं वजन जामिनाच्या दिवशीसुद्धा दुरुस्त होत नाही.

---

माजघर

दादा, तुम्ही सांगितलंत तसं काल वकिलांच्या ऑफिसातून पंचनाम्याची प्रत आणली. अक्षर वाईट आहे, रात्री आई आणि मी बसून एकेक शब्द लावला. तिसऱ्या पानावर आहे: “सदर पांढरे रंगाची पावडर झिपलॉक पिशवीसह इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन केली असता ५१ ग्रॅम ४०० मिलिग्रॅम भरली.”

‘पिशवीसह’ म्हणजे तेच ना, जे तुम्ही गोणीचं लिहिलंय?

---

कोर्टाची_पायरी

हो ताई, तेच.

एक लक्षात ठेवा, पिशवी किती मोठी आणि कशी होती यावर सगळं आहे. छोटी झिपलॉक ग्रॅमभराचीही नसते, जाड आणि मोठी असेल तर दीड-दोन ग्रॅम सहज भरते. एकात एक पिशव्या होत्या का तेही त्याच पानावर पाहा. मग ५२-अ खाली मॅजिस्ट्रेटसमोर जी मोजदाद झाली तिचा दाखला दोषारोपपत्रात असेल, त्यात पुन्हा वजन लिहिलेलं असतं. पिशवीशिवाय असेल तर आणखी चांगलं. दोन्ही आकडे शेजारी ठेवा. सी. ए. रिपोर्ट आता आला असेल तर त्यावर नमुना मिळाला तेव्हाचं वजन असतं, तेही बघा.

वकिलांना आजच सांगा. नवा जामीन अर्ज करायला नवं कारण लागतं, हे होऊ शकतं. मला खासगी निरोपात तिसऱ्या पानाचा फोटो पाठवा, नावं झाकून. मी संध्याकाळी सातनंतर मोकळा असतो.

---

माजघर

पाठवला. दोन पिशव्या होत्या, एकात एक.